सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराब’ जागेबद्दल खुले पत्र

प्रति,
आमच्या शिवारातल्या शिलावर्तुळांचा कागद ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर आला आणि पुढे गेला, त्या महसूल, पुरातत्त्व आणि नगररचना विभागांतल्या सर्व अधिकाऱ्यांना, आणि आमच्या ग्रामपंचायतीला,

स.न.वि.वि.

‘सदर गटामध्ये नैसर्गिक दगडगोटे आढळून आले. मानवनिर्मित अवशेष दिसून आले नाहीत.’

पंचनाम्यातली ही दोन वाक्यं. खाली सही, शिक्का, दोन पंचांची नावं. या कागदाची नक्कल हातात आली त्या दिवशी मी ती चार वेळा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. तेव्हापासून अर्ज, स्मरणपत्र, तक्रार, पुन्हा स्मरणपत्र असं सगळं रीतसर करून झालं. एकाही अर्जाला धड उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. गावाचं आणि गटाचं नाव मुद्दामच टाकत नाही. ते का, हे पुढे येईलच. कुणा साहेबांचंही नाव घेत नाही. कुणाच्या नोकरीवर यावं असा माझा हेतू नाही. मला ती जागा वाचवायची आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जातीनं गोंड. नागपूरच्या पश्चिमेला आमचं गाव आहे. वडिलोपार्जित चार एकर वावर, त्यात आता तूर आणि कापूस, पूर्वी ज्वारी असायची. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जो गट आहे, त्यात आणि त्याच्या पलीकडच्या माळावर मोठ्या काळ्या दगडांची गोल रिंगणं आहेत. काही लहान, बैलबंडी वळेल एवढी. काही इतकी मोठी की शाळेचा आख्खा वर्ग गोल करून आत बसवला तरी जागा उरेल. दगड एकमेकांना खेटून लावलेले, मधली जागा बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडी फुगीर. लहानपणी मी अशी तेवीस रिंगणं मोजली होती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सतरा होती. आज अकरा आहेत.

माझी आजी आम्हाला त्या दगडांवर बसू द्यायची नाही. गुरं राखताना आम्ही पोरं सावलीला म्हणून तिथं गेलो की ती वावरातूनच ओरडायची, ‘तिथं बसू नोको रे बापू, खाली मानसं निजली हायेत.’ कोणती माणसं, असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. आपली का, असं विचारलं तर म्हणायची, ‘कोनाची तरी तं असतीन.’ नवं धान्य घरात आलं की आपल्या पितरांना ठेवून झाल्यावर मूठभर ज्वारी ती त्या धुऱ्यावरच्या दगडापाशी नेऊन टाकायची. तिच्यानंतर माय टाकायची. आता मी टाकतो.

आजी शाळेत गेली नव्हती. तरी तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्याचे पुरावे तुमच्याच खात्यांच्या कपाटांत आहेत. म्हणून पंचनाम्यातली ती दोन वाक्यं मला इतकी लागली.

ही रिंगणं म्हणजे महापाषाण काळातली दफनं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात जी लोखंड वापरणारी माणसं राहत होती, त्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी ती घातली. खड्डा करून हाडं, मडकी, लोखंडी हत्यारं, मणी ठेवायचे, वर काळी चिकण माती आणि गोटे भरायचे, भोवती मोठ्या दगडांचं रिंगण करायचं. नागपूर जिल्ह्यात अशा जागा किती आहेत बघा: जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड, भागीमहारी, हिंगण्याजवळचं रायपूर. काटोल रस्त्यावरच्या एकट्या जुनापाणीच्या परिसरात सुमारे तीनशे वर्तुळं नोंदली गेली आहेत. इतक्या दाटीनं ही स्मारकं असलेला मुलूख देशात फार थोडा आहे, आणि आपण त्याच्यावर राहतो.

नागपुरात ज्यांच्या नावानं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची ही वर्तुळं बघायला गेले होते. परतताना ओढ्याला पूर आला होता, त्यात ते वाहून गेले. स्कॉटलंडहून आलेला हा पाद्री गोंडांमध्ये फिरला होता. आमचा आदिपुरुष लिंगो याची गाथा त्यांनीच पहिल्यांदा कागदावर उतरवून घेतली, आणि त्यांच्या माघारी मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये ती छापून आणली. म्हणजे ज्या माणसामुळे आमची गाणी टिकली, त्याचा जीव या दगडांच्या वाटेवर गेला. मी मुलांना हिस्लॉप शिकवायचो तेव्हा हे सांगताना प्रत्येक वेळी माझा आवाज बदलायचा.

त्यांच्यानंतर जे. एच. रिव्हेट-कार्नॅक आले. मध्य प्रांताचे कापूस आयुक्त. त्यांनी जुनापाणीची वर्तुळं खोदली आणि 1879 मध्ये त्यावर लिहिलं. तिथल्या काही दगडांवर त्यांना ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे दिसले, आणि स्कॉटलंडातल्या दगडांवर असेच खळगे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बा. के. थापर यांनी जुनापाणीला पुन्हा खोदकाम केलं. सत्तरच्या दशकात शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहुरझरी, नैकुंड इथं कामं केली. माहुरझरीला घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावरचा तांब्याचा साज आणि लोखंडी लगामासकट. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी जुनापाणीचे खळगे असलेले दगड होकायंत्र लावून मोजले. ते दगड रिंगणात कुठंही लावलेले नाहीत, ठरावीक तीन दिशांनाच आहेत, त्याचा आकाशातल्या गोष्टींशी संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं.

आता आमच्या धुऱ्यावरच्या दगडाबद्दल.

आमच्या वावराच्या बाजूनं जे पहिलं रिंगण लागतं, त्यातला एक दगड माझ्या कमरेएवढा आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला खळग्यांच्या दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत सात, खालच्या ओळीत सहा. प्रत्येक खळगा जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा, खोली बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा कमी. आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो, भोवतीचा दगड मात्र खरखरीत. पाण्यानं किंवा वाऱ्यानं असे सारख्या अंतरावर तेरा खळगे होत नाहीत. कुणीतरी तिथं बसून, दुसऱ्या दगडानं ठोकून, घासून ते केले आहेत. एका खळग्याला किती वेळ लागत असेल ते बघावं म्हणून मी एकदा सातवीच्या पोरांना नाल्यातला एक काळा दगड आणि हातात मावेल असा गोटा दिला होता. दोन तास आळीपाळीनं ठोकूनही नुसता पांढरा डाग पडला. पोरं गप्प झाली आणि मग त्यांनीच विचारलं, ‘सर, येवढं कोणासाठी केलं असंन?’

हे खळगे दुपारी दिसत नाहीत. ऊन डोक्यावर आलं की काळा दगड सपाट दिसतो. सकाळी सातच्या सुमाराला तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खळग्यात अर्धचंद्रासारखी सावली उभी राहते आणि दहा पावलांवरून सगळे मोजता येतात. पंचनामा मे महिन्यात दुपारी एक वाजता झाला. गाडी पांदणीच्या तोंडाशी थांबली. मी धुऱ्यावर उभा होतो, हात करत होतो. कुणी खाली वावरात उतरलं नाही.

तोपर्यंत सहा रिंगणं गेली होती. शेजारचा गट विकला गेला, तिथं लेआउट पडतो आहे. ज्यानं विकला त्याला मी दोष देत नाही. संत्र्याची बाग सलग तीन वर्षं गळली, पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. पण जेसीबी आला तेव्हा तीन दिवसांत सहा रिंगणं ढिगाला लागली. काही दगड टिप्परमध्ये भरून क्रशरकडे गेले, त्यांची गिट्टी झाली. दोन दगड ठेकेदाराला आवडले म्हणून लेआउटच्या फाटकाशी उभे केले आहेत. त्यांतल्या एकावर खळगे आहेत. त्याला पांढरा ऑइलपेंट मारून वर निळ्या रंगात बाण काढला आहे, खाली प्लॉटचे नंबर. रंग खळग्यांत साचून वाळला आहे. मी नखानं काढून बघितला, निघाला नाही.

मधल्या जागेत जेसीबीचे दात लागले तिथं मुरमाच्या जमिनीत काळी माती उघडी पडली. ही माती त्या जागेची नाही, कुणीतरी दुसरीकडून आणून भरलेली आहे. त्या मातीत खापरं होती. आत काळी, बाहेरून लाल, पातळ आणि चकचकीत. पुरातत्त्वाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ती हातात घेतल्याबरोबर ओळखेल. आणि बोटाएवढे हाडाचे तुकडे होते. माणसाचे की जनावराचे, मला कळत नाही. ते मी हातात घेतले नाहीत. माती सारून झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यावरून रोलर फिरला होता.

साहेब, माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली पंचनाम्याची. त्याबद्दल वर लिहिलंच आहे. भर दुपारी, रस्त्यावरून, पुरातत्त्वाचा माणूस सोबत न घेता, ज्यानं अर्ज केला त्याला न विचारता केलेली पाहणी ही पाहणी धरता येत नाही. आणि एकदा ‘नैसर्गिक’ हा शब्द कागदावर चढला की पुढचा प्रत्येक साहेब तोच शब्द बघून फाईल बंद करतो. माझ्या तिन्ही अर्जांवर शेरा एकच आहे: ‘पंचनाम्यानुसार तथ्य नाही.’

दुसरी, कुणाचंच नसण्याची. पुरातत्त्वाकडे गेलो तर सांगितलं, तुमची जागा संरक्षित यादीत नाही, आम्हाला हात घालता येत नाही. महसुलात गेलो तर म्हणाले, जुनं काही असेल तर ते पुरातत्त्वाचं काम. नगररचनेत म्हणाले, नकाशात काही दाखवलेलं नाही. 1958 च्या कायद्यानं संरक्षित स्मारकाला धक्का लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 2010 च्या दुरुस्तीनं स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध. जुनापाणीसह जिल्ह्यातल्या काही जागांना हे कवच मिळालेलं आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण ज्यांनी जुनापाणीची वर्तुळं घातली त्यांनीच बहुधा आमचीही घातली. तीच माणसं, तेच हात, तीच मडकी. यादीच्या आतलं दफन आणि यादीबाहेरचं दफन असा फरक कागदावर आहे, मातीत नाही. आणि यादीत नसलेली जागा यादीत घेण्यासाठीच तर मी अर्ज केला होता.

तिसरी तक्रार ‘पोटखराब’ या शब्दाची. हा शब्द माझ्या मनातून जात नाही. त्या गटाच्या सातबाऱ्यावर रिंगणांखालची सगळी जागा पोटखराब लिहिलेली आहे. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. शेतसाऱ्याच्या हिशेबात तो शब्द बरोबर असेल, पण त्या एका शब्दानं सगळं ठरून जातं. विकत घेणाऱ्याला वाटतं, पडीक आहे, सपाट करून टाकू. कर्मचाऱ्याला वाटतं, खराबच जागा आहे, कशाला जपायची. गावाच्या स्मशानभूमीची नोंद असते, कब्रस्तानाची असते, आणि ती असलीच पाहिजे. या स्मशानाची नोंद कुणीच कधी केली नाही, कारण तिथं पुरलेल्यांचे वारस अर्ज घेऊन येणार नाहीत.

चौथी तक्रार गुप्तधनाची. त्याच्याचमुळे गावाचं नाव मी लिहिलं नाही. ‘राजाचं धन’ पुरलंय म्हणून बाहेरून माणसं येतात. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी रिंगणाच्या मधोमध खड्डा, भोवती लिंबं, गुलाल, कोंबडीची पिसं. सोनं कधीच निघत नाही. निघतात ती मडकी. ती फोडून फेकलेली असतात. दोन वर्षांपूर्वी मी याची तक्रार द्यायला गेलो होतो. तिथं विचारणा झाली, चोरीला काय गेलं? मला उत्तर देता आलं नाही. तिथं काय होतं याची यादीच कुणी केलेली नाही, तर काय गेलं हे मी कसं सांगू? 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांवर किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. पण गुप्तधनवाल्यांच्या हिशेबात आणि कायद्याच्याही हिशेबात त्या फुटक्या मडक्याची किंमत शून्य धरली जाते, आणि आमच्या मातीतला इतिहास त्या मडक्यातच आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगतो. गावात गोंडांची चौदा घरं आहेत, गवळ्यांची काही आहेत. ब्रिटिशांच्या काळातल्या नोंदींत लोक या वर्तुळांना गवळ्यांची म्हणत असं लिहिलेलं आहे. यांतल्या कुणालाही लेआउटला परवानगी देताना विचारलं नाही. ग्रामसभेत विषय आला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अर्जात मी गोंड असल्याचं लिहिलं तेव्हा एका टेबलावर मला विचारलं गेलं, ‘म्हणजे ही तुमच्या समाजाची जागा असा दावा आहे का?’ तसा माझा दावा नाही. ज्यांनी ही रिंगणं घातली ते कोण होते, कोणती भाषा बोलत होते, हे जाणकारांनीसुद्धा ठरवलेलं नाही. मी ते आमच्या खात्यात जमा करून घेणार नाही. पण मेलेल्या माणसासाठी दगड उभा करणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी भामरागड तालुक्यात होतो. तिथं माडिया आदिवासी आपल्या मेलेल्यांसाठी आजही दगड उभे करतात. शेजारच्या छत्तीसगडात, बस्तरातल्या दंतेवाडा भागात तर अशा उंच शिळांच्या रांगा आहेत, तिकडे त्यांना उरसकल म्हणतात. मी भामरागडला पोहोचलो त्या वर्षी गावातला एक म्हातारा वारला होता. त्याचा दगड नदीकाठून आणला, बांबूला दोरानं बांधून, खांदे बदलत, दिवसभर चालत. गावापासून थोड्या अंतरावर, जिथं त्याच्या कुळाचे आधीचे दगड उभे होते, तिथं तो रोवला. तांदूळ वाहिले, मोहाची दारू शिंपडली. मी नवा मास्तर, लांब उभा होतो. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका पोरानं माझा हात धरून मला जवळ नेलं आणि तोडक्या मराठीत एकेक दगड दाखवत सांगितलं, ‘हे आजोबा. हे आजोबाचे बाबा. ही आजी.’ त्यानं एकदाही ‘दगड’ हा शब्द वापरला नाही. मेळघाटातले कोरकू हेच लाकडात करतात. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरून मेलेल्या माणसाचा मुंडा उभा करतात. एकाच राज्यात आजही हे चालू आहे. आणि त्याच राज्यात, ज्या दगडांवर हजारो वर्षांपूर्वीची अशीच कोरणी आहे, त्यांना आपण दगडगोटे लिहितो.

त्या पोराचं ऐकलं तेव्हा मला आजीच्या मूठभर ज्वारीचा अर्थ कळला. कोणाची तरी असतील, म्हणून आपण जपायची.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत. मला तिथं तिकीटघर नको, बाग नको, पुतळा नको, सिमेंटचे कठडे तर मुळीच नकोत.

पंचनामा रद्द करून नवा करा. सोबत महापाषाणांची माहिती असलेला पुरातत्त्वज्ञ असू द्या. नागपूर विद्यापीठात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या विषयावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत, त्यांना बोलवा. उरलेली अकरा रिंगणं आणि मोडलेल्या सहांच्या जागा मोजून नकाशावर घ्या, प्रत्येक कोरीव दगडाचा फोटो, माप आणि दिशा लिहून ठेवा. पेरणीआधी हे होऊ शकतं, कामाला आठवडाही लागणार नाही.

तोपर्यंत त्या गटात मशीन चालू देऊ नका.

लेआउट कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही. नियमानं अशा लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती सध्या नाल्याकडच्या कोपऱ्यात दाखवली आहे, तिथं काहीच नाही. ती रिंगणांच्या बाजूला घ्या. प्लॉटची संख्या तीच राहते, कुणाचा पैसा बुडत नाही, आणि अकरापैकी सात रिंगणं मोकळ्या जागेत येतात. मी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं आहे, तो नकाशा तिसऱ्या अर्जाला जोडला आहे. राहिलेली चार माळावर आहेत, ती जमीन सरकारीच आहे.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात प्राचीन दफनस्थळ अशी नोंद घ्या, म्हणजे पुढे जमीन कुणीही घेतली तरी त्याला आधी कळेल. माझ्या मते सगळ्या मागण्यांत हीच महत्त्वाची. बाकीचं उद्या कुणी विसरेल, सातबारा विसरत नाही.

या जागेचा 1960 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारक म्हणून विचार करा. होईल न होईल तो तुमचा निर्णय, पण प्रस्ताव तरी जाऊ द्या.

फाटकावरचे दोन दगड आणि ढिगातले दगड पुरातत्त्वाच्या ताब्यात घ्या. कोणता दगड कोणत्या रिंगणातला, हे माझ्या जुन्या फोटोंवरून बऱ्याच अंशी सांगता येईल. रंग काढायचं काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करा. कुणी उत्साहानं तारेच्या ब्रशनं घासला तर खळगेच जातील.

पुढे कधी तिथं रीतसर खोदकाम झालं तर गावाला आधी सांगा, आणि निघालेल्या वस्तू नागपुरात ठेवा. जुनापाणीतून निघालेलं काही साहित्य लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आमच्या पोरांना ते कधी दिसणार? 1863 पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय आहे, अजब बंगला. तिथं ठेवा, आणि पाटीवर मराठीसोबत गोंडीतही लिहा.

शेवटची मागणी ग्रामपंचायतीला. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सरपंचताई, तुम्ही लहान असताना याच दगडांमागे लपाछपी खेळला आहात, आणि माझ्याच आजीनं तुम्हालाही तिथून हाकललेलं आहे. ठराव करायला पाच मिनिटं लागतील.

साहेब, तुम्ही नवा पंचनामा करायला याल तेव्हा सकाळी सातच्या आत या. पांदणीत गाडी सोडून साधारण दोनशे पावलं चालावं लागतं, बुटांना थोडा चिखल लागेल. मी धुऱ्यावर असेन. वरच्या ओळीतला डावीकडून तिसरा खळगा बाकीच्यांपेक्षा थोडा खोल आहे, ऊन त्याच्यात सगळ्यांत शेवटी उतरतं. तेवढं होईपर्यंत थांबा. मग कागदावर जे लिहायचं ते लिहा.

आपला,
धुऱ्यावरचा शेजारी,
एक निवृत्त शिक्षक